बेसबॉल खेळाडूचं मोल आकड्यांत कसं मोजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्कार जाहीर झाले की माझ्याकडे प्रश्नांची रीघ लागते. विचारणारे बहुतेक आपलेच. क्रिकेटवर वाढलेले, नोकरीनिमित्त न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियात आलेले, किंवा शोहेई ओतानीमुळे पुण्यात बसून पहाटे सामने बघायला लागलेले. मी स्वतः बरीच वर्षं मांडीवर स्कोअरबुक घेऊन सामने बघते आणि आकड्यांवरून मनापासून भांडते. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली. एखादंच उत्तर वाचलंत तरी चालेल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे आपल्या क्रिकेटमधली सरासरीच ना?

नाही. क्रिकेटमध्ये धावा भागिले बाद. बेसबॉलमध्ये हिट (फटका मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, सुखरूप पोचणं) भागिले अ‍ॅट बॅट, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या. .३०० म्हणजे दहा अ‍ॅट बॅटमध्ये तीन हिट, आणि एवढं जमवणारा बॅटर चांगला समजला जातो. १९४१ साली टेड विल्यम्सने .४०६ गाठले. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगचे हे दोन भाग) कोणालाही हंगामभर .४०० टिकवता आलेले नाहीत.

दोन्ही खेळांचं नातं मात्र खरं आहे. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांतला तक्ता) आणि सरासरी रुजवणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला आणि तिथे क्रिकेटच्या बातम्या देत देत बेसबॉलकडे वळला. वॉक (चार वाईट चेंडू सोडल्यावर मिळणारा पहिला बेस) ही पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, चूक आहे, त्यात बॅटरचं कर्तृत्व नाही, असं तो मानायचा. म्हणून अ‍ॅट बॅटमध्ये वॉक धरला जात नाही. १८८७च्या एका हंगामात वॉकला हिट मानून पाहिलं, पण पुढच्याच वर्षी ते बंद केलं. चॅडविकच्या त्या एका मताची किंमत खेळाडूंनी पुढे शंभर वर्षं मोजली, असं मी मानते.

२. वॉकला एवढं महत्त्व का? चार वाईट चेंडू सोडले, एवढंच तर केलं.

क्रिकेटमधून आलेल्या माणसाला हे पटायला सर्वांत जड जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेसबॉलमध्ये षटकं नसतात. नऊ इनिंग, प्रत्येकी तीन आउट, म्हणजे संघाकडे एकूण सत्तावीस आउट. चेंडू कितीही खेळा, मोजले जातात ते आउट. त्यामुळे बॅटरचं पहिलं काम आउट न होणं. इनिंगच्या सुरुवातीला बेस रिकामे असताना त्या इनिंगमध्ये सरासरी अर्धी धाव अपेक्षित असते. पहिल्याच बॅटरला वॉक मिळाला तर अपेक्षा ०.९च्या आसपास जाते, आणि तो आउट झाला तर पाव धावेच्या जवळ येते. एका वॉकने किती फरक पडला ते बघा.

माझ्या स्कोअरबुकात प्रत्येक चौकटीत छोटासा चौकोन, म्हणजे डायमंड, छापलेला असतो. सिंगल मारली की होम प्लेटपासून फर्स्ट बेसपर्यंत रेघ ओढायची. वॉक मिळाला तरी तीच रेघ, तेवढीच लांब. बाजूला ‘बीबी’ लिहायचं की ‘१बी’, एवढाच फरक. पुढच्या बेसवर आधीच खेळाडू असतील तर सिंगलचा फायदा जास्त, कारण ते दोन-दोन बेस पळू शकतात. पण बेस रिकामे असताना दोन्हींत काडीचा फरक नाही.

हे मोजणारा आकडा म्हणजे ऑन बेस पर्सेंटेज, ओबीपी: हिट, वॉक आणि चेंडू लागून मिळालेला बेस यांची बेरीज, भागिले जवळजवळ सगळ्या संधी. ब्रुकलिन डॉजर्सने १९४७ साली अ‍ॅलन रॉथ नावाचा संख्याशास्त्रज्ञ नोकरीवर ठेवला, तेव्हापासून संघातली शहाणी माणसं याकडे बघत होती. मेजर लीगने तो अधिकृत केला १९८४ साली. २००४मध्ये बॅरी बॉन्ड्सला २३२ वॉक मिळाले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. त्याचा ओबीपी .६०९ होता. दहातल्या सहा वेळा तो बेसवर पोचत होता.

३. स्लगिंग, ओपीएस, वोबा... यातलं नेमकं कुठलं बघू?

घाईत असाल तर ओपीएस, वेळ असेल तर वोबा.

स्लगिंगमध्ये सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन आणि होम रनला चार असे गुण देऊन अ‍ॅट बॅटने भागतात. ओबीपी आणि स्लगिंग यांची बेरीज म्हणजे ओपीएस. मोजायला सोपा, पण कच्चा. हजारो इनिंगच्या नोंदी तपासल्यावर दिसतं की होम रन सरासरी १.४ धावांची आणि सिंगल साधारण अर्ध्या धावेची. म्हणजे होम रन सिंगलच्या तिप्पट मोलाची, चौपट नाही. वोबा याच खऱ्या किमती वापरतो आणि वॉकलाही त्याचा रास्त वाटा देतो.

‘ओपीएस प्लस’ असं दिसलं तर तिथे १०० म्हणजे लीगची सरासरी आणि १५० म्हणजे तिच्यापेक्षा पन्नास टक्के वर. यात मैदानाचा हिशेबही धरलेला असतो (प्रश्न १३).

४. आरबीआयला लोक नावं का ठेवतात? धाव तर खरीच आली ना?

आली. पण ती एकट्याची नव्हती. आरबीआय म्हणजे तुमच्या बॅटिंगमुळे घरी आलेल्या धावा, आणि घरी येण्यासाठी आधी कोणीतरी बेसवर असावं लागतं. सॅन डिएगोच्या जो कार्टरने १९९०मध्ये ११५ आरबीआय केले. भरभक्कम आकडा. पण त्याच हंगामात त्याचं अ‍ॅव्हरेज .२३२ आणि ओबीपी .२९० होता, लीगच्या सरासरीपेक्षा खाली. त्याच्या आधी टोनी ग्विन आणि रॉबर्टो अ‍ॅलोमारसारखे बेसवर पोचणारे खेळाडू होते. संधी इतक्या मिळाल्या की आकडा फुगला.

आरबीआय खोटा नसतो. इनिंगमध्ये काय घडलं ते तो सांगतो. मात्र त्या खेळाडूला दुसऱ्या संघात टाकलं तर काय होईल, हे त्यातून कळत नाही.

५. पिचरने किती सामने जिंकले हे मोजायचं नाही, तर मग काय मोजायचं?

पिचरच्या नावावर विजय लागायला त्याच्या संघाने धावा कराव्या लागतात, आणि त्या करणं पिचरच्या हातात नसतं. २०१०मध्ये सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून) २.२७ होता, अमेरिकन लीगमध्ये सर्वांत कमी. नोंद मात्र १३ विजय, १२ पराभव. त्याच्या संघाने हंगामभरात फक्त ५१३ धावा केल्या आणि १०१ सामने गमावले. सी. सी. साबाथियाचे २१ विजय समोर असूनही पत्रकारांनी साय यंग पुरस्कार (लीगच्या सर्वोत्तम पिचरचा) फेलिक्सला दिला. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. २०१८मध्ये जेकब डीग्रॉमने १०-९ आणि १.७० ईआरए घेऊन तोच पुरस्कार जिंकला, तेव्हा वाद उरलाच नव्हता. तीसपैकी एकोणतीस मतदारांची पहिली पसंती त्याला होती.

६. ईआरएसुद्धा पुरेसा नाही म्हणतात. फिप काय प्रकार आहे?

२००१ साली व्होरोस मॅक्रॅकनने एक गोष्ट मांडली आणि खळबळ उडाली. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू, होऊन आउट), वॉक आणि होम रन हे पिचरच्या हातात असतात. चेंडू बॅटला लागून मैदानात राहिला की तो हिट होणार की झेल, यावर पिचरचं नियंत्रण आपण समजतो त्यापेक्षा खूपच कमी असतं. पेड्रो मार्टिनेझसारख्या असामान्य पिचरविरुद्ध मैदानात पडलेल्या चेंडूंवरचं अ‍ॅव्हरेज (त्याला बॅबिप म्हणतात) १९९९मध्ये .३२०च्या वर होतं आणि पुढच्याच वर्षी .२४०च्या आसपास. पिचर तोच, हात तोच.

फिप हा फक्त त्या तीन गोष्टी आणि बॅटरला लागलेले चेंडू धरतो आणि उत्तर ईआरएच्या मापात देतो. लीगचा बॅबिप साधारण .३०० असतो. एखाद्या पिचरचा ईआरए फिपपेक्षा फारच चांगला दिसला, तर पुढच्या वर्षी तो घसरेल अशी शक्यता धरावी. काही पिचर मात्र सातत्याने हलके, उंच उडणारे फटके काढून घेतात आणि फिपला हुलकावणी देतात. त्यामुळे मी दोन्ही आकडे शेजारी ठेवते.

७. ताई, वॉर म्हणजे काय ते एकदा नीट समजावून सांगा. सगळे तेच बोलतात.

वॉर म्हणजे खेळाडूमुळे संघाला जास्तीचे किती विजय मिळाले याचा अंदाज. जास्तीचे कोणापेक्षा? त्याच्या जागी पटकन, जवळजवळ फुकटात मिळाला असता अशा बदली खेळाडूपेक्षा. शहराबाहेरच्या मायनर लीगमधून आजच फोन करून बोलावता येईल आणि लीगच्या किमान पगारावर येईल, असा खेळाडू.

पायऱ्या अशा: बॅटिंगच्या धावा, बेसवर पळण्याच्या धावा, फील्डिंगच्या धावा, मग तो कुठल्या जागेवर खेळतो त्याची भर किंवा वजावट (प्रश्न १०). एकूण धावांची तुलना बदली खेळाडूशी करायची आणि साधारण दहा धावांचा एक विजय धरायचा.

बदली खेळाडूंचाच संघ केला तर तो १६२ सामन्यांत ४८च्या आसपास सामने जिंकेल असं मानतात. आता कागदावर मांडून बघा. तीस संघ मिळून हंगामात २,४३० विजय. तीसही संघ बदली खेळाडूंचे असते आणि प्रत्येकाने ४८ जिंकले असते, तर १,४४० व्हायला हवे होते. उरलेले साधारण हजार विजय खऱ्या खेळाडूंमध्ये वाटले जातात. वॉरची ही हजाराची थैली ठरलेली आहे. २०१३ साली बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन्ही संकेतस्थळांनी बसून ही रेघ एकच केली.

दोन वॉर म्हणजे नियमित खेळणारा बरा खेळाडू, पाच म्हणजे ऑल स्टार दर्जा, आठच्या पुढे एमव्हीपीची चर्चा.

८. तुलना सरासरी खेळाडूशी का करत नाहीत?

कारण सरासरी खेळाडू सहज मिळत नाही. १६२ सामने सरासरी दर्जाने खेळणाऱ्याला शून्य गुण द्यायचे, आणि वीस सामने उत्तम खेळून जखमी होऊन बसलेल्याला त्याच्या वर ठेवायचं, हे कुठल्याही प्रशिक्षकाला पटणार नाही. रोज मैदानात उतरणं हेही मोल आहे, आणि बदली खेळाडूची पातळी धरली की ते मोजलं जातं.

९. एकाच खेळाडूचा वॉर दोन ठिकाणी वेगळा दिसतो. खरा कुठला?

दोन्ही अंदाज आहेत. पिचरसाठी फॅनग्राफ्स फिपपासून सुरुवात करतं (प्रश्न ६), तर बेसबॉल रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावा घेऊन त्यातून मागच्या क्षेत्ररक्षकांचा वाटा वेगळा काढतं. पहिलं विचारतं ‘कसा टाकला?’, दुसरं विचारतं ‘काय घडलं?’. झालेल्या हंगामाचा पुरस्कार द्यायचा असेल तर मी दुसऱ्याकडे झुकते. पुढच्या पाच वर्षांचा करार करायचा असता तर पहिल्याकडे झुकले असते.

कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) बाबतीत फरक आणखी मोठा होतो. चेंडू झेलताना हातमोजा असा स्थिर ठेवायचा की कडेचा चेंडू अंपायरला स्ट्राइक वाटावा, याला फ्रेमिंग म्हणतात. फॅनग्राफ्स ते धरतं, बेसबॉल रेफरन्स धरत नाही.

आणि कृपा करून ६.३ विरुद्ध ५.९ यावरून भांडू नका. एवढा फरक मोजमापाच्या चुकीतच बुडतो. नऊ विरुद्ध पाच असेल तर बोलायला जागा आहे.

१०. फर्स्ट बेसवर खेळणाऱ्याचे गुण कापतात. हा अन्याय नाही का?

शॉर्टस्टॉपवर (सेकंड आणि थर्ड बेसमधली जागा) उभं राहून मेजर लीगच्या दर्जाचं क्षेत्ररक्षण करू शकणारी माणसं मोजकी असतात. फर्स्ट बेसवर उभा राहू शकेल असा दणकट बॅटर त्या मानाने सहज सापडतो. म्हणून दोघांची बॅटिंग अगदी सारखी असेल तर शॉर्टस्टॉप मोलाचा. फॅनग्राफ्सच्या हिशेबात पूर्ण हंगामाला शॉर्टस्टॉपला साडेसात धावांची भर आणि फर्स्ट बेसला साडेबारा धावांची वजावट. एकूण फरक वीस धावा, म्हणजे दोन विजय. कॅचरला सर्वांत जास्त भर. क्षेत्ररक्षणच न करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरला, म्हणजे डीएचला, सर्वांत मोठी वजावट.

एवढी वजावट सोसून २०२४मध्ये ओतानीने फक्त डीएच म्हणून खेळत एमव्हीपी मिळवला, तोही एकमताने. ५४ होम रन आणि ५९ चोरलेले (फटक्याविना पळून घेतलेले) बेस. त्याआधी पूर्णवेळ डीएचला हा पुरस्कार कधीच मिळाला नव्हता.

११. फील्डिंगच्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा?

एका हंगामासाठी अर्धा, तीन हंगामांसाठी बराच.

जुना मार्ग चुका मोजण्याचा होता. पण जो चेंडूपर्यंत पोचतच नाही त्याच्या नावावर चूक लागत नाही. शॉर्टस्टॉप डेरेक जीटरला पाच गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळाले. २००१मध्ये ओकलंडविरुद्ध त्याने मैदानाच्या भलत्याच कोपऱ्यातून धावत येऊन कॅचरकडे फेकलेला तो चेंडू मी शंभरदा पाहिला असेल. तरीही नवे फील्डिंग आकडे त्याला बरंच उणे देतात, कारण त्याच्या डाव्या-उजव्या बाजूने जाणारे जमिनीलगतचे चेंडू इतर शॉर्टस्टॉप अडवत होते आणि तो अडवत नव्हता. डोळ्यांना आठवतात ते पकडलेले चेंडू. निसटलेल्यांची आठवण कोणी ठेवत नाही.

डोळ्यांवर विसंबून दिलेल्या पुरस्कारांत १९९९चं उदाहरण तर थक्क करणारं आहे. राफाएल पाल्मेरो त्या वर्षी बहुतेक सामने डीएच होता, फर्स्ट बेसवर फक्त २८ सामने खेळला, आणि गोल्ड ग्लव्ह फर्स्ट बेसचाच मिळाला.

२०१५पासून स्टॅटकास्टमुळे (मैदानातली हालचाल टिपणारी यंत्रणा) प्रत्येक क्षेत्ररक्षक कुठे उभा होता आणि किती वेगाने धावला हे मोजलं जातं. त्यामुळे आउटफिल्डचे (मैदानाच्या लांबच्या भागातले) आकडे आता खूपच भरवशाचे झाले आहेत.

१२. २०१२चा अमेरिकन लीगचा एमव्हीपी कोणाला मिळायला हवा होता, कॅब्रेराला की ट्राउटला?

मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझं उत्तर तेव्हाही ट्राउट होतं, आजही ट्राउट आहे.

आधी कॅब्रेराची बाजू, आणि ती लंगडी नाही. डेट्रॉइटच्या मिगेल कॅब्रेराने .३३० अ‍ॅव्हरेज, ४४ होम रन आणि १३९ आरबीआय करून तिन्ही यादीत पहिला क्रमांक घेतला. हा ट्रिपल क्राउन. १९६७च्या कार्ल यास्त्रेम्स्कीनंतर कोणालाच जमला नव्हता. संघाने प्रिन्स फील्डरला आणलं म्हणून कॅब्रेरा कुरकुर न करता फर्स्ट बेस सोडून थर्ड बेसवर गेला. १६१ सामने खेळला. ऑगस्ट-सप्टेंबरात ट्राउटपेक्षा जास्त तळपला. त्याचा संघ प्लेऑफमध्ये पोचला.

आता माइक ट्राउट. वय वीस-एकवीस, पहिला पूर्ण हंगाम. एंजल्स या संघाने त्याला एप्रिलच्या अखेरीस बोलावलं, म्हणजे जवळजवळ महिना हातातून गेलेला. तरी १३९ सामन्यांत .३२६, ३० होम रन, १२९ धावा आणि ४९ चोरलेले बेस; चोरताना पकडला गेला फक्त पाच वेळा. कॅब्रेरा २८ वेळा डबल प्लेमध्ये सापडला, म्हणजे एका फटक्यात दोन आउट. ट्राउट सात वेळा. आणि ट्राउट सेंटर फील्ड सांभाळत होता, तेही अप्रतिम. जूनमध्ये बाल्टिमोरला जे. जे. हार्डीचा फटका कुंपणापलीकडे पडणार होता. ट्राउट मागे धावत गेला, भिंतीशी उंच उडाला आणि चेंडू हातमोज्यात घेऊन उतरला. ती एक होम रन पुसली गेली. अ‍ॅव्हरेज, होम रन, आरबीआय या तीन रकान्यांत त्या उडीला जागाच नाही.

बॅटिंगपुरतं बोलायचं तर कॅब्रेराचा ओपीएस वर होता, पण मैदानाचा हिशेब धरला की दोघे जवळजवळ बरोबरीत येतात. मग पळणं आणि क्षेत्ररक्षण धरलं की ट्राउट लांब निघून जातो. बेसबॉल रेफरन्सवर ट्राउट दहाच्या वर, कॅब्रेरा सातच्या आसपास. प्रश्न ९मध्ये म्हटलं तसं, हा दशांशाचा फरक नाही.

मतदानात कॅब्रेराला २८पैकी २२ पहिली मतं पडली, ट्राउटला सहा. आणि प्लेऑफचं म्हणाल तर एंजल्सने ८९ सामने जिंकले, डेट्रॉइटने ८८. डेट्रॉइटचा गट कमकुवत होता, एंजल्सच्या गटात ओकलंड आणि टेक्सास होते. कॅब्रेरा महान बॅटर आहे. पण त्या वर्षी संघाला जास्त सामने जिंकून देणारा खेळाडू दुसरा होता.

१३. डेन्व्हरमध्ये खेळणाऱ्यांचे आकडे खोटे का म्हणतात?

खोटे नाहीत, फक्त तिथे धावा स्वस्त आहेत. डेन्व्हरचं मैदान कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून एक मैल उंचावर आहे. वरच्या सज्जात एक जांभळी खुर्च्यांची रांग आहे, ती बरोबर ५,२८० फुटांवर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि कमी वळतो. शिवाय आउटफिल्ड विस्तीर्ण, त्यामुळे रिकाम्या जागा जास्त. २००२पासून चेंडू दमट कपाटात ठेवतात, तरी फरक उरतोच. वॉर आणि ओपीएस प्लस हा फरक वजा करतात.

मला राग येतो तो उलट टोकाचा. डेन्व्हरचा म्हटलं की न बघताच काट मारायची. लॅरी वॉकर १९९७मध्ये एमव्हीपी झाला, तेव्हा त्याच्या ४९ होम रनपैकी २९ परक्या मैदानांवरच्या होत्या. तरी हॉल ऑफ फेमसाठी (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी) त्याला दहाव्या, म्हणजे शेवटच्या संधीपर्यंत थांबावं लागलं. २०२०मध्ये निवड झाली.

१४. संघ हरत असेल तर खेळाडू ‘मोस्ट व्हॅल्युएबल’ कसा?

मतपत्रिकेसोबत मतदार पत्रकारांना जे पत्र जातं त्यातच म्हटलं आहे की ‘व्हॅल्युएबल’ची पक्की व्याख्या नाही, आणि विजेता प्लेऑफमधल्या संघाचा असलाच पाहिजे असंही नाही. शेवटच्या क्रमांकावरच्या संघातल्या आंद्रे डॉसनला १९८७मध्ये आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जला २००३मध्ये तो मिळाला आहे. नऊपैकी एक बॅटर संघाला एकट्याने ओढू शकत नाही. सोबत्यांच्या कमकुवतपणाची शिक्षा त्याला देणं मला मान्य नाही.

१५. मोक्याच्या क्षणी खेळणारा खेळाडू वेगळा नसतो का?

मोक्याचे फटके असतात. मोक्यालाच हमखास खेळणारे खेळाडू आकड्यांत शोधायला गेलं तर फार थोडे सापडतात. एका वर्षी कठीण प्रसंगी तळपलेला बॅटर पुढच्या वर्षी तसाच तळपेल असं दिसत नाही. पण घडून गेलेल्या हंगामाचं मोल ठरवताना त्या फटक्यांना वजन द्यावं, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला रास्त वाटतो. त्यासाठी डब्ल्यूपीए हा आकडा आहे. प्रत्येक प्रसंगानंतर जिंकण्याची शक्यता किती हलली ते तो मोजतो.

शेवटच्या इनिंगमध्ये येणाऱ्या रिलीव्हर पिचरसाठी वॉरसुद्धा प्रसंगाचं वजन धरतो. ते धरलं नाही तर मारियानो रिव्हेरासारखा पिचर, ६५२ सेव्ह (आघाडी टिकवून संपवलेले सामने) आणि हॉल ऑफ फेममध्ये पहिला एकमताने निवडलेला, कागदावर किरकोळ दिसेल.

१६. जॉश गिब्सन आता टाय कॉबच्या वर कसा?

२०२४च्या मे महिन्यात मेजर लीगने नीग्रो लीगच्या (वर्णबंदीच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या लीगच्या) नोंदी आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतल्या. त्यामुळे कारकिर्दीच्या अ‍ॅव्हरेजमध्ये गिब्सन .३७२ आणि कॉब .३६७. प्रश्न १मध्ये ‘अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये’ असं मोजून-मापून लिहिलं ते याचसाठी. १९४३मध्ये गिब्सनच्या नावावर .४६६ आहेत.

आक्षेप असतो की त्यांचे लीगचे हंगाम लहान होते. होते, कारण पोटासाठी उरलेले दिवस गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत हिंडावं लागायचं आणि ते सामने धरलेले नाहीत. गिब्सनला मेजर लीगमध्ये खेळू दिलं नाही ते त्याच्या वर्णामुळे. जानेवारी १९४७मध्ये तो पस्तिसाव्या वर्षी गेला. तीन महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन ती वर्णबंदी मोडत ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. गिब्सनच्या आकड्यांत अनिश्चितता आहे, तशी मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय पिचरना कधीच सामोरं न गेलेल्या कॉबच्या आकड्यांतही आहे. ही दुसरी बाजू कोणी विचारत नाही.

१७. २०२२मध्ये ओतानी की जज? वॉर अशा खेळाडूला पुरतो का?

पुरत नाही, असं माझं मत. त्या वर्षी अ‍ॅरन जजने ६२ होम रन मारून अमेरिकन लीगचा विक्रम केला. ओतानीने ३४ होम रन मारल्या आणि पिचर म्हणून १५ विजय, २.३३ ईआरए. वॉरमध्ये जज पुढे होता, मतं तीसपैकी २८ त्यालाच पडली, आणि मीही त्यालाच दिलं असतं.

पण वॉर ओतानीच्या बॅटिंगची आणि पिचिंगची नुसती बेरीज करतो. संघात २६ जागा असतात. दोन माणसांचं काम एक जण करतो तेव्हा एक जागा मोकळी राहते आणि तिथे आणखी एक खेळाडू बसतो. त्या जागेचं मोल कुठल्याच रकान्यात येत नाही. ते किती धरायचं यावर अजून एकमत नाही. माझ्या अंदाजाने अर्ध्या विजयापेक्षा जास्त नसावं, म्हणून २०२२चा माझा निकाल बदलत नाही. २०२१ आणि २०२३मध्ये हा प्रश्नच आला नाही, एकमताने ओतानी.

१८. आमची मुलगी लिटल लीगमध्ये खेळते. तिच्या संघाचा वॉर काढता येईल का?

नाही, आणि काढूही नका. पंधरा-वीस सामन्यांत काहीच ठरत नाही, आणि त्या वयात पिचरचे चेंडू इतके इकडेतिकडे जातात की वॉकच वॉक असतात.

नोंद ठेवायची हौस असेल तर वहीत चार रकाने आखा. किती वेळा बॅटिंगला आली, किती वेळा बेसवर पोचली (कशीही), पळून पुढचे किती बेस घेतले, आणि दर वेळी किती चेंडू बघितले. अ‍ॅव्हरेज लिहायचं टाळा. शेजारच्या बाकावरचे आजोबा विचारतील, तेव्हा त्यांना दुसरा रकाना सांगा. गाडीत घरी जाताना मुलगी आउट झाल्याबद्दल हिरमुसली असेल, तर तिला चौथा रकाना दाखवा. सात चेंडू खेळवून ती आउट झाली असेल, तर समोरचा पिचर तेवढा थकला आणि पुढच्या मुलीला वॉक मिळाला. माझ्या वहीत अशा दोन चौकटी शेजारी शेजारी आल्या की मी त्यांच्यामध्ये पेन्सिलने एक छोटा बाण काढते.